सिनेटची कुलूपबंद वही

मागच्या धड्यात आपण ग्रामपंचायतीची सभा कशी भरते ते वाचले. सभेत जे ठरते ते एका वहीत लिहून ठेवतात. त्या वहीला इतिवृत्त म्हणतात. गावात पुष्कळ जण तिला 'प्रोसिडिंग' म्हणतात. वस्तू एकच. तारीख, हजर कोण, ठराव कोणता, सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने किती आणि विरुद्ध किती, एवढे त्यात असते. खाली सह्या असतात. ज्याला सही येत नाही तो अंगठा उठवतो.

आज आपण अशाच एका वहीची हकिकत वाचू. ही वही आपल्या गावची नाही, आपल्या देशाचीही नाही. ती अमेरिकेची आहे. तिला सव्वादोनशेच्या वर वर्षे झाली आणि ती अजूनही लिहिली जात आहे. कोणी म्हणेल, "गुरुजी, परक्या देशाच्या वहीशी आपल्याला काय करायचं?" आमचे एवढेच म्हणणे, आधी ऐका तर खरं.

अमेरिकेत आपल्या संसदेसारखी दोन सभागृहे आहेत. एक प्रतिनिधी सभा आणि दुसरे सिनेट. राज्य मोठे असो की लहान, सिनेटमध्ये त्याचे दोनच सभासद असतात. आज तिथे ५० राज्ये आहेत, म्हणून सभासद १००. १७८९ साली काम सुरू झाले तेव्हा सभासद पंचवीससुद्धा नव्हते.

कायदे करणे हे दोन्ही सभागृहांचे काम. पण दोन कामे राज्यघटनेने एकट्या सिनेटवर सोपवली आहेत. पहिले काम नेमणुकांचे. परदेशी जाणारे वकील, मोठे न्यायाधीश आणि सरकारचे वरचे अंमलदार यांची नावे राष्ट्राध्यक्ष सुचवतो. सिनेटने 'होय' म्हटले तरच तो माणूस त्या जागेवर बसतो. 'नाही' म्हटले की नाव रद्द.

दुसरे काम तहांचे. तह म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. १६६५ साली शिवाजी महाराजांनी पुरंदरचा तह केला आणि २३ किल्ले मोगलांना दिले, हे आपल्या पोरासोरांना ठाऊक आहे. त्या काळी राजाने शिक्का उठवला की तह पक्का होई. अमेरिकेच्या लोकांनी नुकतेच एका राजाशी लढून स्वातंत्र्य मिळवले होते. तेव्हा एवढी मोठी गोष्ट एका माणसाच्या हाती सोडायला ते धजले नाहीत. त्यांनी घटनेत लिहिले की राष्ट्राध्यक्षाने तह करावा, पण सिनेटमध्ये हजर असलेल्या सभासदांपैकी तीनांतले दोन जण 'होय' म्हणतील तेव्हाच तो पक्का करावा.

तीनांतले दोन म्हणजे किती? हिशेब करून पाहू. सभेत ३० जण हजर असले तर २० जणांचा होकार हवा. १९ जणांनी हात वर केला तरी चालत नाही. खरा दाखला घ्या. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली व्हर्सायचा मोठा तह झाला. मार्च १९२० मध्ये सिनेटने त्यावर शेवटचे मत घेतले. बाजूने ४९, विरुद्ध ३५. एकूण ८४. चौऱ्याऐंशीचे तीन भाग केले की एकेक भाग २८ चा. दोन भाग म्हणजे ५६. बाजूची मते ४९ च होती. सात कमी पडली आणि एवढा मोठा तह अमेरिकेपुरता बारगळला. जास्त मते बाजूने असूनही!

आता वहीकडे वळू. प्रत्येक सभागृहाने आपल्या कामाची वही ठेवावी आणि वेळोवेळी ती छापावी, असे घटनेतच लिहिले आहे. पण पुढे एक सवलतही लिहिली आहे. जो भाग गुप्त ठेवावा असे सभागृहाला वाटेल तेवढा छापू नये. हे वाक्य ध्यानात ठेवा. आजच्या धड्यातला सगळा घोळ या एका वाक्यातून निघतो.

सिनेटने दोन वह्या केल्या. कायद्यांच्या कामाची एक आणि नेमणुका व तहांची दुसरी. आपली हकिकत या दुसऱ्या वहीची. सॅम्युअल ओटिस नावाचे गृहस्थ सिनेटचे पहिले चिटणीस. एप्रिल १७८९ पासून १८१४ साली मरेपर्यंत, पंचवीस वर्षे, या वह्या त्यांच्या ताब्यात होत्या. वहीत भाषणे नसत. कोण काय बोलला, कोण तावातावाने उठला, हे काही नाही. राष्ट्राध्यक्षाचा खलिता आला, अमुक नाव आले, अमुक ठराव आला, मते अशी पडली, बस्स. आपल्या इतिवृत्ताचीही रीत हीच आहे.

जून १७८९ मध्ये पहिले नाव आले. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होते. फ्रान्समधले वकील जेफर्सन यांना घरी परतायचे होते. त्यांच्यामागे काम पाहायला विल्यम शॉर्ट यांना नेमावे, असे वॉशिंग्टन यांनी कळवले. दोन दिवसांत सिनेटने ते मान्य केले. काम सुरळीत चालले.

पण दोन महिने झाले नाहीत तोच पहिले नाव नामंजूर झाले. सव्हाना नावाच्या बंदरात जकातीच्या कामावर एक अंमलदार हवा होता. वॉशिंग्टन यांनी बेंजामिन फिशबर्न यांचे नाव सुचवले. हा गडी त्यांच्याबरोबर लढाईत राहिलेला. ५ ऑगस्ट १७८९ ला सिनेटने 'नाही' म्हटले. का? वहीत कारण नाही. फक्त नाव आणि नकार. वॉशिंग्टन यांना वाईट वाटले. त्यांनी लगेच पत्र लिहून आपण हा माणूस का निवडला ते सांगितले, आणि सुचवले की अशा वेळी आधी माझ्याकडे विचारणा केलीत तर बरे होईल. पण भांडत बसले नाहीत. त्याच पत्रातून त्या जागेसाठी त्यांनी दुसरे नाव पाठवले. देशाचा सर्वांत मानाचा माणूस, पण त्याचाही शब्द सभेने मोडला आणि त्याने तो मोडू दिला. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आमच्या नोकरीत आम्ही मोठमोठे चेअरमन पाहिले. ठराव पडला की त्यातले किती जण महिना महिना सभेला फिरकत नसत, ते आम्हीच जाणतो.

त्याच महिन्यातली दुसरी हकिकत जास्त मजेची आहे. २२ ऑगस्ट, शनिवार. दक्षिणेकडच्या मूळ रहिवासी जमातींशी तह करायचा होता. अमेरिकेचे मूळ रहिवासी म्हणजे गोरे लोक यायच्या आधीपासून तिथे राहणारे आदिवासी. तहाबद्दल सल्ला विचारायला वॉशिंग्टन स्वतः सिनेटमध्ये आले. बरोबर युद्धखात्याचे मंत्री नॉक्स होते. वहीत लिहिले आहे की राष्ट्राध्यक्ष आले, त्यांनी हकिकत मांडली, प्रश्न मांडले आणि उरलेले काम सोमवारवर गेले. वाचणाऱ्याला वाटेल, किती शांतपणे सभा झाली!

पण सभेत विल्यम मॅक्ले नावाचे एक सभासद होते. ते वकील, शिवाय जमिनीची मोजणी करणारे. रोज रात्री घरी जाऊन ते आपली रोजनिशी लिहीत. त्या रोजनिशीत खरी गंमत आहे. कागद वाचून दाखवायला सुरुवात झाली, तर बाहेर रस्त्यावरून घोडागाड्यांचा खडखडाट. एक अक्षर ऐकू येईना. खिडक्या लावून घेतल्या. पुन्हा वाचले. मग एकेक प्रश्न घेऊन "तुमचा होकार आहे का?" असे विचारू लागले. सभासद गप्प. राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले, नाही तरी कसे म्हणायचे? शेवटी मॅक्ले उठले आणि म्हणाले, आधी कागदपत्र वाचू द्या. दुसऱ्या एका सभासदाने सुचवले, विषय समितीकडे द्यावा. वॉशिंग्टन एकदम चिडून उठले. मी आलो त्याचा उपयोगच काय, असे त्यांचे म्हणणे पडले. मग शांत झाले. सोमवारी पुन्हा आले आणि काम उरकले. पण सल्ला घ्यायला ते परत कधी तसे स्वतः आले नाहीत. पुढे लेखी खलिताच पाठवत.

मॅक्ले यांचे आम्हाला कौतुक वाटते. समोर एवढा मोठा माणूस बसला असताना "वाचल्याशिवाय होकार देत नाही" असे म्हणायला छाती लागते. आपल्यातल्या किती जणांनी न वाचता अंगठे दिले असतील!

या वहीत आपल्या देशाचेही नाव फार लवकर आले आहे. नोव्हेंबर १७९२ मध्ये वॉशिंग्टन यांनी बेंजामिन जॉय नावाच्या व्यापाऱ्याला कलकत्त्यास आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील इतर बंदरांसाठी अमेरिकेचा वाणिज्य वकील म्हणून सुचवले. दोन दिवसांत सिनेटने मान्यता दिली. जॉय १७९४ साली कलकत्त्यास पोहोचले. तेव्हा तिथे इंग्रजांच्या कंपनीचा अंमल. कंपनी म्हणाली, वकील-बिकील आम्ही मानत नाही, व्यापाराचा गुमास्ता म्हणून राहायचे तर राहा. ज्या देशाचे नाव त्या ओळीत आहे, त्या देशाच्या माणसांना तेव्हा कोणी काहीच विचारले नव्हते.

१८१४ साली ही वही जळून खाक व्हायची वेळ आली होती. अमेरिका आणि इंग्रज यांची दुसरी लढाई चालू होती. ऑगस्टमध्ये इंग्रज फौज राजधानी वॉशिंग्टनकडे निघाली. सिनेटचे चिटणीस ओटिस एप्रिलमध्येच वारले होते. जागा रिकामी. वरून हुकूम देणारा कोणी नाही. कचेरीत लुईस मेचन नावाचे एक कारकून होते. त्यांनी ठरवले, हुकुमाची वाट पाहत बसलो तर सगळे जाईल. मोठ्या खटपटीने त्यांनी एक गाडी मिळवली. टोबायस सिम्प्सन नावाच्या शिपायाला बरोबर घेतले आणि दप्तर गाडीत भरले. त्यात नेमणुकांची व तहांची पंचवीस वर्षांची वही होती. तिची दुसरी प्रत नव्हती. वाटेत चाक मोडले. पुढे गाडीच उलटली. तरी ते दोघे दप्तर सुखरूप घेऊन गावाबाहेर दूर पोहोचले. २४ ऑगस्टच्या रात्री इंग्रजांनी संसदेच्या इमारतीला आग लावली. प्रतिनिधी सभेचे पुष्कळ कागद जळाले. सिनेटची वही वाचली. एक कारकून आणि एक शिपाई!

वही वाचली, पण ती कुलपातच होती. लोकांना वाचायला मिळाली ती १८२८ साली. त्या वर्षी सिनेटने १७८९ पासूनच्या ३७-३८ वर्षांचा मजकूर तीन जाड पुस्तकांत छापून घेतला. पुढचे भाग नंतर निघत गेले. मात्र एखाद्या कागदावर सिनेटने गुप्ततेची बंदी घातली, तर ती उठेपर्यंत तो कोणी उघड करायचा नाही, असा नियम होता. नेमणुका आणि तह यांच्या बैठका बहुधा बंद दाराआड चालत. हे किती वर्षे चालले? १९२९ पर्यंत. त्या वर्षी एका न्यायाधीशाच्या नेमणुकीवर गुप्त मतदान झाले आणि पॉल मॅलन या वार्ताहराने कोणी कसे मत दिले ते वर्तमानपत्रात छापले. सिनेटमध्ये गहजब झाला. वार्ताहराला शिक्षा करावी असे काहींना वाटले. पण लोक विचारू लागले, आम्ही निवडून दिलेल्या माणसाने काय मत दिले ते आम्हाला का कळू नये? जूनमध्ये सिनेटने नियम बदलला. तेव्हापासून या बैठका उघड्या असतात. बंद करायची तर तसे मत घ्यावे लागते.

दोन राष्ट्रांची बोलणी चालू असताना थोडी गुप्तता लागते, हे आम्हालाही पटते. सोयरीक ठरवताना आपणही देण्याघेण्याची बोलणी चव्हाट्यावर करत नाही. पण सोयरीक मोडली तर निदान मुलीच्या बापाला ते कळवावे की नाही?

आम्ही शिक्षक असताना एका गावी असा प्रकार झाला. एका शेतकऱ्याने शाळेच्या वाटेसाठी आपल्या रानाची एक पट्टी सोडली. बदल्यात त्याला गावठाणातली जागा द्यायची, असे सभेत ठरले. त्याने अंगठा दिला. वही एकाच्या घरी पेटीत. बारा वर्षांनी त्याचा मुलगा आमच्याकडे आला. "गुरुजी, वाट तर पडली. आमची जागा कुठं हाय?" आम्ही वही मागवली. तो ठराव पुढच्याच सभेत रद्द केलेला होता. शेतकऱ्याला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही तेव्हा गावातच होतो. आम्ही तरी कुठे विचारले होते? या गोष्टीची आम्हाला अजून लाज वाटते.

हेच अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाले. ती हकिकत सांगण्यासाठीच हा धडा लिहिला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचा प्रांत आहे. १८४८ च्या जानेवारीत तिथे सोने सापडले. हां हां म्हणता लाखभर लोक सोन्यासाठी तिकडे धावले. डोंगर खणले, नद्या उपसल्या, रानातली शिकार संपवली. मूळ रहिवाशांना राहायला जागा उरेना. मारामाऱ्या आणि कत्तली सुरू झाल्या. तेव्हा सरकारने तीन अधिकारी तह करायला पाठवले. मार्च १८५१ ते जानेवारी १८५२ या काळात त्यांनी ठिकठिकाणी जमातींना बोलावले आणि १८ तह केले. जमातींनी आपला सारा मुलूख सोडायचा. त्याबदल्यात सरकारने ठराविक जमीन कायमची त्यांच्या नावे राखून ठेवायची. ती जमीन सगळी मिळून ७५ ते ८५ लाख एकर होती. शिवाय गुरे, पीठ, घोंगड्या, शेतीची अवजारे, लोहार आणि मुलांसाठी शिक्षक द्यायचे कबूल केले.

जमातींच्या मुखियांना लिहिता येत नव्हते. कारकुनाने त्यांचे नाव ऐकून कागदावर लिहिले. नावाशेजारी प्रत्येकाने एक फुली काढली. आपला अंगठा तशी त्यांची फुली. कागदात काय लिहिले आहे ते दुभाष्याच्या तोंडून ऐकायचे आणि विश्वास ठेवायचा. बऱ्याच जमाती शब्दाला जागून नव्या जागेकडे निघाल्यासुद्धा.

इकडे राजधानीत काय झाले? कॅलिफोर्नियातले गोरे लोक खवळले. एवढी जमीन यांना? तिच्यात सोने निघाले तर? त्या राज्याच्या विधिमंडळाने विरोध केला, राज्याचे सिनेटमधले सभासदही विरुद्ध गेले. १८५२ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी अठरा तह सिनेटकडे पाठवले. जुलैमध्ये बंद दाराआड सिनेटने ते नामंजूर केले. आणि त्या कागदांवर गुप्ततेची बंदी घातली. कागद कुलपात गेले.

तह नामंजूर झाले हे त्या जमातींना कोणी रीतसर कळवले नाही. जुना मुलूख सोडला होता. नवा मिळाला नाही. ज्या जमिनीवर ते जाऊन बसले तिथून त्यांना हुसकावले. कोणाकडे दाद मागावी तर हातात कागद नाही. १८४८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी सुमारे दीड लाख होते. १८७० च्या सुमारास ते तीस हजारांच्या आसपास उरले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रोगराई, उपासमार, हत्या, सगळेच त्यात आले. तह मंजूर झाले असते तर हे सारे टळले असते असे आम्ही म्हणत नाही. पण पाय टेकायला जमीन तरी राहिली असती.

कागद किती वर्षे कुलपात होते? ५३ वर्षे. १८ जानेवारी १९०५ ला सिनेटने बंदी उठवली आणि अठरा तह छापून बाहेर आले. ज्या मुलांचे वय तेव्हा दहा वर्षांचे होते ती आता त्रेसष्ट वर्षांची झाली होती. आपल्या बापाच्या नावाशेजारची फुली आता त्यांना छापलेल्या पानावर दिसू शकत होती.

कागद हाती आल्यावर लढा सुरू झाला. पण सरकारवर दावा लावायलाही सरकारचीच परवानगी हवी. तसा कायदा १९२८ साली झाला. दावा रेंगाळत चालला. १९४४ साली न्यायालयाने हिशेब केला. गेलेल्या जमिनीचा भाव धरला एकरी सव्वा डॉलर. कबूल करून न दिलेल्या वस्तूंची किंमत मिळवली. एकूण झाले सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर. मग सरकारने मधल्या वर्षांत या लोकांवर जो खर्च केला होता तो त्यातून वजा केला. ती वजाबाकी सुमारे १ कोटी २० लाखांची! उरले ५० लाख.

१९५० साली कायदा होऊन ते पैसे वाटायचे ठरले. माणशी दीडशे डॉलर आले. ज्यांनी फुल्या काढल्या होत्या त्यांच्यापैकी ते घ्यायला कोणी उरले नव्हते. त्यांची नातवंडे आणि पतवंडे रांगेत उभी राहिली. त्यांना सही करता येत होती.